गटिंग करायचंय? आधी सांगा, सिंगल्स की डबल्स

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगायचा प्रश्नच मिटला. म्हापशाच्या बाजारातून वर चढणाऱ्या एका गल्लीत शिंप्याच्या शेजारी अर्धं उघडलेलं शटर दिसेल. वाकून आत गेलात की टेबलफॅन, खिळ्यांना टांगलेल्या पंचवीस-तीस रॅकेटी आणि मधोमध गटिंगचं, म्हणजे टेनिस रॅकेटीत तारा ओवायचं मशीन. मशीनमागे अंकल. वय सत्तरीच्या घरात, चष्मा कपाळावर, अंगात बनियन. मी स्वतः चौपन्नचा असलो तरी त्यांना अंकलच म्हणतो, कारण म्हापशात सगळेच म्हणतात.

मी डिचोलीचा, सहकारी बँकेत नोकरी. अस्नोड्यामार्गे स्कूटरने अर्धा-पाऊण तास लागतो. चार तारा ओवून घ्यायला एवढं पेट्रोल जाळणं हे आमच्या घरच्यांच्या मते वेड आहे. पण गेली चार वर्षं मी जातोय, वर्षातून सहा-सात वेळा. तेव्हा हा अभिप्राय एका फेरीवर बेतलेला नाही.

आधी मी दुसऱ्या एका गावातल्या चकचकीत दुकानात रॅकेट टाकायचो. एसी, काचेचं दार, सगळं होतं. तिथे तारांच्या ताणाबद्दल ‘किती पौंड?’ एवढंच विचारायचे. मी ५५ म्हटलं की ५५ लिहायचे. ६५ म्हटलं असतं तर तेही लिहिलं असतं. मशीनवरचा मुलगा दर खेपेला वेगळा. एकदा रॅकेट घरी आणून बघतो तर फ्रेमला डोक्याशी केसाएवढी चीर. विचारायला गेलो तर ‘आधीपासूनच असेल’. आठ हजारांची रॅकेट होती. डॉक्टरांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, म्हशीचा पाय तपासावा तशी, आणि म्हणाले, ‘ही गेली. पुढची घेऊन माझ्याबरोबर म्हापशाला चला.’

डॉक्टर म्हणजे माझे डबल्सचे पार्टनर. गुरांचे डॉक्टर. सकाळी सहाला सिमेंटच्या कोर्टवर आम्ही अकरा वर्षं एकत्र खेळलो. दोघांच्या वयाची बेरीज शंभरावर गेली तेव्हा पेढे वाटले होते, कारण वेटरन्समध्ये आमचा गट बदलला.

तर पहिल्या दिवशी अंकलनी रॅकेट हातात घेतली, तारांवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि विचारलं, ‘तूं सिंगल्स खेळटा काय डबल्स?’ मग ‘खंयच्या बाजूक?’ आणि मग, माझी खात्री आहे की हे गोव्यात दुसरा कोणी विचारत नसेल, ‘पार्टनर कोण?’ डॉक्टर मागेच उभे होते. अंकलनी त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मला न विचारताच चिठ्ठीवर ५२ लिहिलं.

कारण नंतर सांगितलं. माझ्या रॅकेटीत पॉलिएस्टर तार होती. ती बेसलाइनवरून जीव खाऊन मारणाऱ्या पोरांची. फिरकी मिळते, पण कोपराची वाट लागते. शिवाय तिचा ताण भराभर उतरतो. तुटत नाही म्हणून आपल्याला वाटतं चांगली आहे, प्रत्यक्षात ती कधीच मेलेली असते. मी अॅड कोर्टला, म्हणजे कोर्टच्या डाव्या बाजूला उभा राहणारा, सर्व्हिस टाकून नेटकडे धावणारा, दोन-तीन फटक्यांत निकाल लागणारा माणूस. मला हवी मल्टिफिलामेंट, म्हणजे बारीक तंतू पिळून केलेली मऊ तार. व्हॉलीला बॉल क्षणभर जाळीत बसल्यासारखा वाटतो. दोन महिन्यांत माझा कोपर दुखायचा थांबला. ऑर्थोपेडिकवाल्याने माझ्याकडून याच्या चौपट पैसे घेतले होते.

मी एकदा हौसेने नॅचरल गट मागितली. अंकल हसले आणि बोट दाखवलं आभाळाकडे. जुलै होता. नॅचरल गट ही गाईच्या आतड्याची. आपण नायलॉनच्या कामालाही ‘गटिंग’ म्हणतो ते तिच्यावरूनच. पाणी तिचं वैरी. आपल्या पावसात ती फुगून पिंजत जाते. डॉक्टरांनी लगेच लहान आतड्याचा बाहेरचा पदर कसा सोलून काढतात ते सविस्तर सांगायला घेतलं. शेजारच्या शिंप्याने चहा तसाच ठेवला.

भिंतीवर एकच फोटो आहे, वर्तमानपत्रातून कापलेला आणि सेलोटेप पिवळी पडलेला. १९९९ सालचे लिएंडर पेस आणि महेश भूपती, छातीला छाती भिडवताना. त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत ही जोडी होती, त्यातल्या फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकल्या. अंकल तेव्हा गल्फात होते, एका हॉटेलच्या क्लबात गटिंग करायचे. तिथूनच हे मशीन आणलं. पेस त्यांच्या लेखी गोंयकार. वडील वेस पेस मूळचे इथले, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या ब्राँझवाल्या हॉकी संघातले, हे खरंच. पण लिएंडरचा जन्म कलकत्त्याचा. हे मी एकदा बोलून दाखवलं तर माझी रॅकेट तीन दिवस खिळ्यावरच राहिली. २०२१ च्या ऑक्टोबरात पेस गोव्यात येऊन राजकीय पक्षात शिरले तेव्हा मात्र अंकल दोन दिवस गप्प होते.

अंकलचं म्हणणं असं की लोक पेसचं अटलांटाचं एकेरीचं पदक काढतात, आणि काढावंच, १९९६ ला चव्वेचाळीस वर्षांनी भारताला कोणी वैयक्तिक पदक आणून दिलं. पण तो माणूस खरा डबल्सचा कारागीर. पुरुष दुहेरीची ८ ग्रँड स्लॅम, मिश्रची १०, डेव्हिस कपमध्ये दुहेरीचे ४५ विजय, तो जागतिक विक्रम. आणि या सगळ्याला पार्टनर किती? शंभरावर! डॅम, लुकास ड्लूही, स्टेपानेक, नवरातिलोव्हा, कारा ब्लॅक, हिंगिस. अंकल ही नावं आमच्याकडे शिगमोत्सवात रोमटातल्या गावांची नावं घ्यावीत तशी घेतात. प्रत्येकाबरोबर नव्याने जमवायचं: मधला बॉल कोणाचा, लॉब गेला तर कोण मागे धावणार, चिडल्यावर कोण गप्प बसतो. ब्रायन बंधूंसारखं जुळ्या भावाबरोबर १६ ग्रँड स्लॅम जिंकायचं भाग्य सगळ्यांच्या कपाळी नसतं. त्यात बॉब डावखुरा. अंकलच्या मते देवाने तिथे जरा पक्षपातच केला.

आणि पैसे. हा हिशेब मी बँकेतला माणूस म्हणून स्वतः केला. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरी जिंकणाऱ्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला ७ लाख ३० हजार, तेही दोघांत वाटून. म्हणजे एकाच्या वाट्याला एकेरीवाल्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याहून कमी. त्यातून प्रशिक्षक, फिजिओ, विमानभाडं. ती जोडी कोणती, तर आपल्या कुर्गचा बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डन. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा. २०१० मध्ये कुरेशीबरोबर यूएस ओपनची अंतिम फेरी हरला, २०२३ मध्ये एब्डनबरोबर पुन्हा तिथेच हरला, आणि मग चार-पाच महिन्यांत मेलबर्नला चषक, वर जागतिक क्रमवारीत पहिला. या वयाचा पहिला नंबर आधी कोणी पाहिला नव्हता. गुडघ्यातली कूर्चा झिजून गेलेली, त्यावर योगासनं करून खेळला. मी हे डॉक्टरांना प्रेरणा म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, ‘बैलाचं असं झालं तर आम्ही वेगळा सल्ला देतो.’

आता कामाबद्दल. घाई नसेल तर बसून बघाच. जुन्या तारा अंकल मधूनच कापतात, एक उभी, एक आडवी, मधून बाहेर सरकत. कडेने सरळ कापत गेलं तर ताण एका अंगाने सुटतो आणि फ्रेम पिळवटते (माझी ती चीर अशीच आली असणार). मग फ्रेम सहा ठिकाणी आवळून मशीनवर बसते. भोकांतल्या प्लॅस्टिकच्या ग्रोमेटवर ते नखाने फिरून जातात. एखादा फुटला असेल तर डब्यातून दुसरा शोधतात, त्याचे पैसे घेत नाहीत. उभ्या तारा मधल्या दोनपासून सुरू, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आडव्या तारा वरून खाली, एकीखालून दुसरीवरून, आणि प्रत्येक ओढल्यावर बोटांनी सरळ करणं. इथे ते बोलत नाहीत, गिऱ्हाईक आलं तरी हात वर करून थांबवतात. शेवटची गाठ मारल्यावर उरलेलं टोक कापून पुन्हा कानाशी टकटक. चाळीस मिनिटं. मजुरी ३०० रुपये, तार तुमची असली तरी तेवढेच. त्यांची मल्टिफिलामेंट घेतली तर माझं बिल साधारण १२०० होतं. चकचकीत दुकानात याहून दीडशे जास्त देत होतो.

काम झालं की हँडलला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधतात: तारीख, तार, पौंड, आणि खाली बाजू, ‘ड्यूस’ (उजवी) किंवा ‘अॅड’ (डावी). गेल्या दिवाळीनंतर मी रॅकेट आणायला गेलो तेव्हा शेजारच्या खिळ्यावर डॉक्टरांची होती. लाल ग्रिप, ओळखू येणारच. चिठ्ठीवर ५४. डॉक्टर कायम ५० वर खेळायचे. खाली लिहिलेलं, ‘अॅड’.

अॅड कोर्ट माझं. अकरा वर्षं मी अॅडला, ते ड्यूसला.

मी अंकलकडे पाहिलं. ते टेबलफॅनची वायर नीट करत होते. त्यांना माहीत होतं, त्यांना सगळ्यांचंच आधी कळतं, कोणाचा खांदा गेला, कोणाची जोडी फुटली. एवढंच म्हणाले की पेस आणि भूपतीसुद्धा फुटले, पुन्हा जमले, पुन्हा फुटले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकआधी तर भूपती आणि बोपण्णा दोघेही पेसबरोबर खेळायला तयार नव्हते. हे मला समजावणं होतं की टोमणा, अजून कळलं नाही. डॉक्टरांनी आठवड्याने स्वतः सांगितलं. म्हापशाचा एक निवृत्त इंजिनिअर, डावखुरा नाही, पण सर्व्हिस माझ्यापेक्षा बरी. मी चहा पाजला त्यांना. दुसरं काय करणार?

काही तक्रारी आहेत, त्याही लिहितो. दुपारी एक ते चार शटर बंद, सियेस्ता. ठोठावलंत तर शिंपी ओरडतो. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी स्कूटर लावायला जागा मिळणार नाही, फिरून फिरून दमाल. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला दोन दिवस बंद. एकदा मी स्पर्धेच्या आदल्या दिवशी नेमका तेव्हाच पोचलो. चूक माझी, आमच्या शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात तिला, तिचं फेस्त मला माहीत असायला हवं होतं. ‘फाल्यां यो’ (उद्या ये) हा शब्द शब्दशः घेऊ नका, फाल्यां म्हणजे परवाही असू शकतं. मोबाइलवरून पैसे घेतात, पण नेटवर्क शटरबाहेर. चिठ्ठीवरचं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं. आणि पोलादी मतं: मी परस्पर ५५ मागितले तर ते ५३ करून देतात आणि चिठ्ठीवर ५५ लिहितात, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. रागवावं की आभार मानावेत ठरेना, कारण त्या वर्षी आम्ही तालुक्याची स्पर्धा जिंकलो होतो.

नवशिक्यांनी जावं का? जावं, पण ‘स्वस्तातली कोणतीही घाला’ म्हणू नका. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षाला गटिंग, हा जगभरचा ढोबळ नियम ते तुम्हालाही सांगतील. रॅकेट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून आणलीत तर बोलणी खाल. उन्हाने ताण उतरतो हे खरं आहे, पण बोलणी गरजेपेक्षा जास्त असतात.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा सियेस्ताचा कापला.

नवे पार्टनर वाळपईचे मास्तर मिळालेत, ते अॅड सोडायला तयार नाहीत, म्हणून चौपन्नाव्या वर्षी मी ड्यूसला उभा राहायला शिकतोय. परवा रॅकेट टाकली तेव्हा अंकलनी पुन्हा तिन्ही प्रश्न पहिल्यापासून विचारले, जणू मी आजच आलोय, आणि ५२ चे ५१ केले. डॉक्टरांची लाल ग्रिप शेजारच्याच खिळ्यावर होती. अंकल आत चहा सांगायला गेले तेवढ्यात मी तिच्यावर टकटक करून पाहिलं. उतरली होती. ५० चीच वाटली.