आठ महिने अँकी: इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो, पण कार्ड स्वतः बनवलं तर

अँकी हे पाठांतराच्या कार्डांचं अ‍ॅप कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर (अँकीड्रॉइड) फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. शब्द विसरायला लागायच्या सुमाराला तो पुन्हा समोर आणणं, एवढंच त्याचं काम. आठ महिन्यांच्या वापरानंतर सांगतो, हे काम ते चोख करतं.

तयार डेक, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले कार्डांचे संच, मात्र घेऊ नका. त्यात एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला एक अर्थ. अशाने शब्द वाचताना ओळखता येतो, बोलताना तोंडात येत नाही. 'रिलक्टंट' म्हणजे 'नाखूष' असं पाठ केलं की बॉसवर नाखूष असलेल्या माणसालाही आपण रिलक्टंट म्हणून बसतो. खरा अर्थ 'करायला मन धजत नाही' असा आहे. म्हणून पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य घाला: 'शी वॉज ____ टु साइन'. खाली ही मराठी छटा. मागे शब्द, आणि आघात (उच्चारातला जोर) कुठे ते: रि-लक्-टंट, जोर 'लक्'वर.

आघाताकडे आपलं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण मराठीत आघात बदलून शब्द बदलत नाही. इंग्रजीत फोटग्राफ, फटॉग्रफर, फोटग्रॅफिक असा तो सरकतो आणि आघात नसलेला स्वर पुसट होतो. 'व'चंही तसंच. 'व्हेट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'ह' मिसळायचा नाही. 'वेट'ला ओठ गोल, दात लांब. आठवडाभर आरशासमोर करून बघा.

आवाजासाठी टेम्पलेटमध्ये (कार्डाच्या साच्यात) टीटीएस टॅग, म्हणजे मजकूर मशीनकडून वाचून घेणारी खूण, टाकता येतो. तो एकट्या शब्दाला न लावता पूर्ण वाक्याला लावा. 'रेकॉर्ड' नाम असेल तर आघात आधी, क्रियापद असेल तर नंतर. सुटा शब्द दिला तर मशीन दोन्हीकडे एकच उच्चार करतं.

मूळ सेटिंगमध्ये रोज 20 नवीन कार्डं असतात. नोकरी सांभाळून ती झेपत नाहीत, कारण प्रत्येक कार्ड पुन्हापुन्हा परत येतं आणि महिन्याभरात ढीग साचतो. 7 वर आणा.

उत्तर बघितल्यावर शब्द कितपत आठवला ते बटण दाबून सांगायचं असतं. सगळ्यांत महागात पडणारी चूक त्यातल्या 'हार्ड' बटणाची. शब्द आठवलाच नाही तर 'अगेन' दाबायचं. 'हार्ड' म्हणजे आठवला, पण कष्टाने. अ‍ॅप ते बरोबर उत्तर धरतं, त्यामुळे न येणारा शब्दही लांबच्या तारखेवर जातो.

मूळ सेटिंगमध्ये एकच कार्ड उजळणीत 8 वेळा चुकलं की अँकी त्याला 'लीच', म्हणजे जळू, ठरवतं आणि सेटिंग तशी असेल तर बाजूला ठेवतं. ते तसंच परत चालू करू नका. बहुतेकदा दोन सारख्या शब्दांची गल्लत झालेली असते. 'अडॅप्ट' आणि 'अडॉप्ट' असतील तर दोन्ही एकाच कार्डावर आणा: नव्या शहराशी अडॅप्ट होतात, मूल अडॉप्ट करतात.