सिटीच्या घरदुरुस्ती योजनेचा आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमचं अमेरिकेतलं घर १९५२ सालचं आहे. मागच्या हिवाळ्यात मुलांच्या खोलीत छतातून पाणी झिरपायला लागलं आणि नेमके त्याच सुमारास ह्यांचे कामाचे तास कमी झाले, म्हणजे नवीन छत घालायचं तर पैसे आणायचे कुठून हा प्रश्नच होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, अगं सिटीच्या हाउसिंग डिपार्टमेंटला विचार ना, माझा पोर्च त्यांनीच करून दिला. विचारलं. काम झालं. पण अर्ज केल्यापासून दहा महिने लागले, आणि त्यावरच लिहायचंय.

आधी एक कळून घ्या, हा पैसा सिटीचा नसतो. १९७४च्या फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्यातून आलेली सीडीबीजी (कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट) नावाची ग्रँट आहे, साधारण ५० हजारांच्या वर वस्ती असलेल्या शहरांना ती दरवर्षी थेट हडकडून म्हणजे फेडरल हाउसिंग खात्याकडून मिळते. कशावर खर्च करायचा ते शहर ठरवतं पण हिशोब वॉशिंग्टनला द्यावा लागतो. किमान ७० टक्के पैसा कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडलाच पाहिजे, आणि प्लॅनिंग आणि ऑफिसखर्चाला २० टक्क्यांच्या वर लावता येत नाही. म्हणूनच आमच्याकडे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न सगळं मागितलं. सासूबाईंच्या पेन्शनचा कागद गावाहून मागवून त्याचं भाषांतर करण्यात तीन आठवडे गेले. आपल्या भागाच्या मधल्या उत्पन्नाच्या (म्हणजे निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या आकड्याच्या) ८० टक्क्यांच्या आत असलात तरच बसता, आणि ती मर्यादा घरात माणसं किती त्यावर बदलते.

मग सगळं थांबलं. दोन महिने काहीच नाही. छतावर ताडपत्री, पाऊस चालू, मी वैतागून छत घालणारा एक रूफर बोलावला आणि म्हटलं तू कर सुरू, पैसे सिटी देईल नंतर. नशीब की आधी सिटीतल्या आमचा अर्ज बघणाऱ्या केसवर्करना फोन केला. त्या म्हणाल्या थांबा, पर्यावरणाची तपासणी पूर्ण व्हायच्या आत काम सुरू केलंत तर फेडरल पैसा मिळणारच नाही. हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही? एक स्टार मी ह्याचाच कापलाय. अर्जासोबत एक साधा कागद दिला असता, ह्या पायऱ्या आहेत, इथे इतके दिवस लागतात, तर आमची निम्मी काळजी मिटली असती.

आता सिटीच्या इन्स्पेक्टरबद्दल, कारण मला योजनेची खरी किंमत इथे कळली. कॉन्ट्रॅक्टरने काम संपलं म्हणून सही मागितली, मी केलीही असती, मला काय कळतंय छतातलं. इन्स्पेक्टर माळ्यावर चढले, टॉर्च घेऊन पार चिमणीपर्यंत सरपटत गेले आणि तिथल्या लाकडाला हात लावून मला म्हणाले तुम्हीही हात लावून बघा. ओलं होतं. चिमणीभोवतीची पत्र्याची पट्टी नीट बसवलीच नव्हती. त्यांनी सही केली नाही, आणि सिटी सहीशिवाय पैसे सोडत नाही, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टर दोनदा परत आला आणि नीट करून गेला. घर १९७८च्या आधीचं असल्यामुळे शिसेवाल्या रंगाचीही तपासणी होती, शेवटी खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ ओल्या कपड्याने पुसून लॅबला पाठवली, रिपोर्ट चांगला आल्यावरच मुलं त्या खोलीत परत झोपली. स्वतःच्या पैशाने केलं असतं तर हे आम्ही तपासलं असतं का? नाही.

पैसे कर्ज म्हणून मिळाले, घरावर लीन म्हणजे त्या कर्जापोटी सिटीचा हक्क नोंदवलेला आहे, दहा वर्षं राहिलो तर माफ. माझ्या मैत्रिणीने होम नावाच्या दुसऱ्या फेडरल योजनेतून डाउन पेमेंटची मदत घेतली, तिला दरवर्षी पत्र येतं की तुम्ही अजून तिथेच राहता ना. तिथे रकमेप्रमाणे ५, १० किंवा १५ वर्षं राहण्याची अट असते.

योजनेचं वर्ष संपलं की ९० दिवसांत शहराला हडकडे रिपोर्ट द्यावा लागतो, आणि त्याआधी लोकांना वाचून मत द्यायला निदान १५ दिवस मिळतात. मी त्या रिपोर्टवरच्या सुनावणीला गेले. आम्ही जेमतेम सहा जण होतो. दुरुस्त झालेल्या घरांच्या आकड्यात आमचं एक घर होतं ते बघून बरं वाटलं. मी तीन मिनिटं बोलले, की ऑफिसात माणसं कमी आहेत म्हणून अर्ज अडतात आणि पैसा पडून राहतो, आणि तो वर्षाच्या ग्रँटच्या दीडपटीच्या वर साठला तर हडच शहराला जाब विचारते, मग अर्ज बघायला अजून एक माणूस घ्या ना. आणि सुनावणीची नोटीस पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात न देता पाण्याच्या बिलासोबत घरोघरी पाठवा. लिहून घेतलंय त्यांनी. पुढच्या सुनावणीला मी शेजारच्या बाईंनाही घेऊन जाणार आहे.