मेणाच्या नावाखाली प्लास्टिकचा थर

तेहतीस हजार सहाशे पन्नास रुपये. आकडा आधीच सांगते, म्हणजे "किती गेले गं?" हे विचारणं संपेल. प्रवासातल्या सहा फोटोंची एन्कॉस्टिक, म्हणजे वितळवलेल्या मेण-राळेची चित्रं, प्रत्येकी ४,८००. निम्मे १४,४०० आगाऊ, मग "राळ महागली" म्हणून ३,६००, मग उरलेले १४,४०० आणि वर पाठवणीच्या विम्याचे १,२५०. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

चित्रं करून देणारा माणूस अडाणी नव्हता हो! फोटो पातळ कागदावर छापून लाकडी फळीवर चिकटवायचा, मधमाशीचं मेण आणि डॅमर नावाची झाडाची राळ वितळवून थर द्यायचे, प्रत्येक थर गरम हवेच्या हीट गनने खालच्याशी एकजीव करायचा. सगळं बिनचूक सांगायचा. इजिप्तमधल्या फायूमची जुनी मेणचित्रं जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलीत, हेही त्यानेच ऐकवलं. कोण संशय घेईल?

आणि मग तो मेसेज. "ताई, सहाही चित्रं एकाच नळीत गुंडाळून पाठवतो." गुंडाळून! मेणाचा थर वाकवला की तडकतो, फळी लागते ती त्यासाठीच, आणि हे मला शिकवलं कोणी? त्यानेच. तरी मी "बरं" लिहिलं. पैसे पूर्ण गेलेले, चित्रं त्याच्या ताब्यात. तेव्हा भांडण कोण काढणार? तुम्हीही "बरं"च लिहिलं असतं.

नळीतून निघाले कॅनव्हासवरचे साधे प्रिंट, वर प्लास्टिकच्या जेलचा चकचकीत थर. नख रुतेना, मधाचा वास नाही, कडेला मेणाचे ओघळ नाहीत. विचारलं तर "मिक्स मीडिया आहे" (म्हणे अनेक साहित्यांचं मिश्रण), आणि ब्लॉक.

पोलीस म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक म्हणून तक्रार करा." तिथे विक्रेत्याचा पत्ता मागतात. पत्ता असता तर मी स्वतःच गेले नसते का? बँक म्हणते, पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत. अ‍ॅपवाल्यांना "नियमभंग आढळला नाही". आणि कळस म्हणजे, माझ्या अर्जावर साहेबांनी विषय लिहिला: मेणबत्त्यांची खरेदी. दुरुस्ती मागितली तर नवीन अर्ज करा म्हणे.

तुम्ही असं चित्र मागवणार असाल तर चालू कामाचा व्हिडिओ मागा, तोही *तुमच्याच* फोटोचा. फळीची मागची बाजू बघा. फोटोची मूळ फाइल आधी देऊ नका, लहान आकाराची द्या. माझे सहाही फोटो आता त्याच्या नव्या खात्यावर "नमुना" म्हणून झळकताहेत, किंमत ५,५०० झालीय.