मिनरल ओळखायचं किट: घ्यावं का?

पोरीला दगड गोळा करायचा भारी नाद म्हणून ऑनलाइन मागवलं, आणि खरं सांगते, पैसे वसूल झाले. आत स्ट्रीक प्लेट (दगड घासून रेघेचा रंग बघायची खरखरीत फरशी), तांब्याची पट्टी, काचेचा तुकडा, स्टीलचा खिळा, मॅग्नेट आणि १० एक्सचं भिंग.

आपल्याकडे डेक्कन ट्रॅपच्या बेसॉल्टमधे (लाव्हापासून बनलेला काळा दगड) पांढरे चकचकीत खडे खूप मिळतात आणि सगळे सारखेच दिसतात, तिथे हे किट खरं कामाला येतं. क्वार्ट्झ (हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, १० पैकी ७) काचेवर ओरखडा काढतो, कॅल्साइट (३) काढत नाही आणि खिळ्याने सहज खरवडला जातो. अ‍ॅपोफिलाइट पण काचेला काही करत नाही, पण त्याच्या एका बाजूला मोत्यासारखी चमक असते आणि अ‍ॅसिडने फेस येत नाही, कॅल्साइटवर मात्र डायल्यूट एचसीएलचा (पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा) एक थेंब टाकला की लगेच फसफसतं. डोलोमाइट असेल तर आधी पूड करा, नाहीतर फारसं काही होत नाही.

स्ट्रीक प्लेट सगळ्यात आवडली. हेमेटाइट वरून काळा दिसला तरी रेघ तांबडी-तपकिरी येते, पायराइट सोनेरी असून रेघ हिरवट काळी!! नुसत्या रंगावर कधीच जाऊ नका.

तक्रार एकच, अ‍ॅसिडची बाटली रिकामी येते आणि चष्मा, ग्लोव्हज नाहीत, ते द्यायलाच हवे होते. व्हिनेगर चालतं पण फेस अगदी मंद, पूड केली तर जरा बरा दिसतो. मुलांच्या हातात अ‍ॅसिड देऊ नका, थेंब मोठ्यांनीच टाकायचा. पाचपैकी चार स्टार.