डॉकवरचे मॉनिटर सारखे जातात-येतात: हब, थंडरबोल्ट, डिस्प्लेलिंक, की डॉकच नको?

मुलुंडची माझी मावसबहीण आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, त्याच्या पुढ्यात २४ इंची दोन मॉनिटर आणि मधे ॲल्युमिनियमचा चपटा यूएसबी-सी हब, म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टातून मॉनिटर, कीबोर्ड, चार्जर सगळं जोडणारी डबी. डॉक म्हणजे तिचाच थोरला भाऊ. दिवसातून चार-पाच वेळा दोन्ही मॉनिटर काळे पडायचे आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप परत यायचे. तेवढ्यात सगळ्या विंडो लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर एकावर एक येऊन पडलेल्या असायच्या. एकदा क्लायंटला स्क्रीन दाखवताना हे झालं आणि संध्याकाळी तिचा फोन आला: "दादा, उगाच फाटे फोडू नकोस. कुठला डॉक घेऊ तेवढं सांग. वीस हजार गेले तरी चालतील."

वीस हजार ऐकून मीच शनिवारी मुलुंड गाठलं.

आधी कान लावा

तुम्हीही डॉक घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायच्या तयारीत असाल, तर त्याआधी एक दिवस हे करा. स्क्रीन जाते त्या क्षणी विंडोजचा यूएसबी निघाल्याचा तो 'टुडुंग' आवाज येतो का, ते ऐका. डॉकला लावलेल्या कीबोर्डचा दिवा विझतो का आणि टास्कबारवरचं चार्जिंगचं चिन्ह जातं का, तेही बघा.

आवाज आला आणि कीबोर्डही गेला, तर मॉनिटरचा काही दोष नाही. अख्खा डॉक बसतोय आणि पुन्हा उठतोय. अशा वेळी संशय वीजपुरवठ्यावर किंवा लॅपटॉप ते डॉक या केबलवर. आवाज नाही आणि एकच मॉनिटर जातो, तर त्या मॉनिटरची केबल किंवा पोर्ट. दोन मॉनिटरांच्या केबलींची अदलाबदल करा. दोष केबलीबरोबर दुसऱ्या मॉनिटरवर गेला तर काम सोपं. आणि चहा पिऊन आल्यावरच मॉनिटर सापडत नसतील, एरवी सगळं ठीक असेल, तर तो झोपेतून उठण्याचा घोळ आहे. डॉकचं फर्मवेअर (त्याच्या आत भरलेलं सॉफ्टवेअर), ग्राफिक्सचा ड्रायव्हर (लॅपटॉपचा चित्राचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मॉनिटरच्या मेनूतला 'डीप स्लीप' किंवा 'ऑटो सोर्स' हा पर्याय, या तिन्हीकडे बघा. नवा डॉक आणलात तरी हा घोळ जाईलच असं नाही.

बहिणीकडे आवाज येत होता. मी टेबलाखाली वाकलो. तिथे जुना एक्स्टेन्शन बोर्ड होता, त्यात कुठलीही पिन बसते म्हणतात तसली सॉकेटं, आणि त्यातल्या एकात लॅपटॉपचा चार्जर लोंबत होता. पायाच्या अंगठ्याने प्लगला हलकेच ढोसलं. टुडुंग. दोन्ही स्क्रीन काळ्या.

ती बोर्डाकडे बघत राहिली. रोज खुर्ची पुढे घेताना तिचा पाय तिथेच लागायचा.

यामागचं कारण समजून घ्या, पुढच्या निवडीत ते कामी येतं. असल्या हबमध्ये चार्जर हबला लागतो आणि हबमधून वीज लॅपटॉपला जाते. चार्जर क्षणभर तुटला की हब आणि लॅपटॉप यांना किती व्होल्ट, किती वॅट हा करार नव्याने करावा लागतो, आणि तेवढ्यात बरेचसे हब स्वतःच रीसेट होतात. बॅटरी असल्यामुळे लॅपटॉप चालू राहतो, म्हणून वीज गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत सैल सॉकेटं आणि नावापुरतं अर्थिंग ही काही नवलाची गोष्ट नाही. डॉकच्या आधी बोर्ड बदला आणि जमल्यास वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

बोर्ड बदलला आणि त्रास थांबला. पण बाईसाहेबांना एक मॉनिटर आता ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा हवा होता, त्यामुळे डॉकचा प्रश्न काही टळला नाही.

साधा यूएसबी-सी हब

बाजारात दोन-चार हजारांत मिळतो तो हा. लॅपटॉपच्या ग्राफिक्समधून निघालेला डिस्प्लेपोर्टचा (मॉनिटरला चित्र पोचवण्याची ही एक पद्धत) सिग्नल यूएसबी-सीच्या तारांवरून थेट बाहेर येतो. ड्रायव्हर लागत नाही, प्रोसेसरवर भार नाही. चालतो तेव्हा झकास चालतो.

गोम आहे ती तारांच्या संख्येत. यूएसबी-सीत वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हबवर पेनड्राइव्ह, नेटवर्क वगैरे यूएसबी ३च्या वेगाने हवं असेल, तर चित्रासाठी दोनच जोड्या उरतात. लॅपटॉप किंवा हब डिस्प्लेपोर्ट १.२ च्या काळातला असेल, तर या दोन जोड्यांवरून सेकंदाला ८.६४ गिगाबिट जातात. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) दोन फुल एचडी स्क्रीनना तेवढं पुरतं. ४केला ६० हर्ट्झवर साडेबाराच्या वर लागतात, म्हणून असे हब ४के ३० हर्ट्झवरच दाखवतात आणि माउस सरपटल्यासारखा चालतो. दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर ४के ६० जेमतेम मावतं. जेमतेम म्हणजे दुसऱ्या मॉनिटरला जागा नाही आणि हलक्या केबलला माफी नाही. अशा काठावरच्या जोडणीत स्क्रीन अधूनमधून लुकलुकणारच. खरं कारण हेच का ते तपासायला रिफ्रेश रेट ६० वरून ३० वर आणा. लुकलुक थांबली, तर केबल किंवा हब त्या वेगाला कमी पडतोय.

दुसरा शत्रू उन्हाळा. चार्जरची वीज आणि चित्र दोन्ही याच डबीतून जातात आणि मे महिन्यात ती हाताला चटका देते. लॅपटॉपच्या खाली सरकवून ठेवू नका, उघड्यावर ठेवा.

मॅकवाल्यांनी इथे थांबावं: एका यूएसबी-सी पोर्टचे दोन मॉनिटर करणारी जी पद्धत असले हब वापरतात, ती मॅकओएस वेगवेगळ्या स्क्रीनसाठी मानत नाही. दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र दिसेल.

थंडरबोल्ट डॉक

थंडरबोल्ट म्हणजे यूएसबी-सीच्याच आकाराच्या पोर्टवरची जास्त वेगवान जोडणी. यात सेकंदाला ४० गिगाबिटचा रस्ता मिळतो आणि थंडरबोल्ट ४ मध्ये ६० हर्ट्झच्या दोन ४के स्क्रीन चालणं ही प्रमाणपत्राचीच अट आहे. २०२० साली आलेल्या या आवृत्तीत ग्राहकासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते, कारण थंडरबोल्ट ३ मध्ये एका ४केचीच हमी होती. शिवाय डॉकला स्वतःचा जाडजूड ॲडॅप्टर असतो. लॅपटॉपच्या चार्जरला धक्का लागला आणि स्क्रीन गेल्या, हा प्रकार मुळातच संपतो. अर्थात डॉकचा प्लग त्याच सैल बोर्डात खोचलात तर देवच वाली.

हा डॉकही मधेच उडायला लागला, तर आधी केबल बघा. सोबत आलेली केबल छोटी पडते म्हणून लोक घरातली फोनची सी-टू-सी केबल लावतात. टोक तेच, बसतेही नीट, पण तिच्या आतल्या तारा त्या कामाच्या नसतात. त्यानंतर डॉकचं फर्मवेअर आणि लॅपटॉपचं बायॉस (सुरू होताना चालणारं मूळ सॉफ्टवेअर), दोन्ही अद्ययावत करा. नवा डॉक आणल्या दिवशीच करून टाकलं तर उत्तम.

घेण्याआधी लॅपटॉपच्या पोर्टशेजारी विजेच्या बाणाची खूण आहे का, ते बघा. नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल घालून खात्री करा. दुकानदाराचं "सगळ्याला चालतो" हे वाक्य बिलावर लिहून मिळत नाही. मी विचारलं तेव्हा किमती वीस हजारांपासून पुढे होत्या. आणि हो, ॲपलच्या एम१ किंवा एम२ चिपची मॅकबुक एअर असेल तर हा डॉक घेऊनही बाहेरची एकच स्क्रीन चालेल. ती मर्यादा चिपची आहे, डॉकने ती वाढत नाही.

डिस्प्लेलिंक डॉक

याची चाल सगळ्यात वेगळी. यात चित्र प्रोसेसरवर आवळून साध्या डेटासारखं यूएसबीवरून पाठवतात आणि डॉकमधली चिप ते उलगडते. त्यामुळे यूएसबी-सीवर चित्राची सोय नसलेल्या लॅपटॉपलाही दोन मॉनिटर लागतात, जुन्या यूएसबी-ए पोर्टवरसुद्धा. वरच्या मॅकबुक एअरवर दोन स्क्रीन हव्या असतील तर वाट हीच.

पण ड्रायव्हर हवाच, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तो टाकायला आयटीवाल्यांच्या दाराशी तिकीट घेऊन उभं राहावं लागतं. मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि कॉपीपासून संरक्षित सिनेमे तिथे काळेच दिसतात. एक्सेल, मेल, कोड यांना काही फरक पडत नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमसाठी मात्र मी हा डॉक घेऊ देणार नाही. स्क्रीन उडाल्या तर ड्रायव्हर नवा करा, मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला हे बंद करू दे' अशा अर्थाची खूण काढून टाका. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अनुभव.

एक गंमत सांगतो. वांद्र्याच्या एका थंडगार ऑफिसात कुणीतरी खुर्चीवरून उठलं की शेजाऱ्याचा मॉनिटर क्षणभर जायचा. सगळे हसायचे. पण गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्च्यांतून उठताना-बसताना स्थिर विजेचा झटका निघतो आणि कच्च्या शील्डिंगची केबल तो पकडते, हे डिस्प्लेलिंकच्याच मदत-पानावर लिहिलेलं आहे. चांगली केबल लावल्यावर ते थांबलं.

आणि डॉकच घेतला नाही तर?

लॅपटॉपला स्वतःचं एचडीएमआय आहे का? बहिणीच्या लॅपटॉपला होतं, आणि त्यात दोन वर्षांत एकही केबल गेली नव्हती, धूळ तेवढी गेली होती. मग एक मॉनिटर तिथे थेट लावायचा. दुसरा यूएसबी-सीवाला ४के मॉनिटर घ्यायचा, जो त्याच एका केबलीने चित्रही घेतो आणि लॅपटॉप चार्जही करतो. कीबोर्ड-माउस मॉनिटरच्या मागच्या पोर्टांत. मधली एक डबी, तिचं फर्मवेअर आणि तिची गरमी, सगळं कटाप. खर्च होतो तो डोळ्यांसमोरच्या वस्तूवर. तोटा इतकाच की लॅपटॉप उचलताना एकाऐवजी दोन केबली काढाव्या लागतात. मॉनिटर घेताना तो किती वॅट देतो ते मात्र विचारा. लॅपटॉपचा चार्जर ९० वॅटचा आणि मॉनिटर ६५ देणारा असेल, तर भरकामाच्या दुपारी बॅटरी हळूहळू उतरत जाईल.

तर माझी पसंती अशी. एचडीएमआय असलेल्या लॅपटॉपला डॉक नको. रोज लॅपटॉप बॅगेत टाकून लोकल पकडणारे असाल, एकच केबल ओढायची असेल आणि पोर्टवर विजेचा बाण असेल, तर थंडरबोल्ट. एम१-एम२च्या एअरवर दोन स्क्रीन हव्यात किंवा लॅपटॉप जुना आहे, तर डिस्प्लेलिंक. दोन्ही मॉनिटर फुल एचडी आणि लॅपटॉप विंडोजचा असेल, तर आहे तो हबच ठेवा आणि पैसे केबल-बोर्डात घाला.

बहिणीने मॉनिटर घेतला, डॉक नाही. जुना हब आता बॅगेत असतो, ऑफिसातल्या प्रोजेक्टरसाठी. टेबलाखालचा नवा बोर्ड मी भिंतीला स्क्रूने ठोकून आलोय, पाय पोहोचणार नाही इतका वर.