ऍनिक की डून? एडिंबरात एकच मोकळा दिवस असेल तर

एडिंबरात मुक्काम आणि सिनेमातला किल्ला बघायला एकच दिवस, असं असेल तर दोन नावं हमखास समोर येतात: सीमेपलीकडे इंग्लंडमधला ऍनिक आणि स्टर्लिंगजवळचा डून. दोन्ही एकाच दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका, दिवस प्रवासातच जाईल.

बरोबर पॉटरवेडी मुलं असतील तर फार विचार न करता ऍनिक. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या दोन चित्रपटांत (२००१ आणि २००२) हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं आवार म्हणून हा किल्ला दिसतो. मॅडम हूच पोरांना झाडूवर उडायला शिकवते ते हिरवळीचं पटांगण इथलंच, आणि आज तिथेच झाडूचे वर्ग भरतात. झाडू दोन पायांत धरायचा, इशारा झाला की उडी मारायची. फोटो नेमक्या क्षणी निघाला की पोरगं अधांतरी! आईबाबाही लाजतलाजत मारतात. हे तिकिटातच येतं, पण जागा मर्यादित असतात, म्हणून आधी वर्गाची वेळ पक्की करा आणि मग बाकीचं बघा.

मात्र मुलांना एक गोष्ट निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. पडद्यावरचे ते उंच मनोरे इथे नाहीत आणि जेवणाचं भव्य दालनही नाही. ते दालन म्हणजे लंडनजवळच्या लीव्ह्सडन स्टुडिओतला सेट.

ऍनिक १३०९ पासून पर्सी घराण्याकडे आहे आणि घराण्याचे लोक अजून तिथे राहतात. बाहेरून मध्ययुगीन तटबंदी, तटावर पवित्रा घेतलेले दगडी शिपाई. आत मात्र १९व्या शतकातला इटालियन थाट, टिशन आणि कॅनालेट्टोची चित्रं. श्रीमंती डोळे दिपवणारी, पण मला आतल्या दालनांत किल्ल्यापेक्षा राजवाड्यात आल्यासारखं वाटतं. शेजारच्या बागेत विषारी वनस्पतींचा कुलूपबंद कोपरा आहे, तिथे मार्गदर्शकासोबतच जाता येतं. बागेचं तिकीट वेगळं.

डूनमध्ये यातलं काही नाही, आणि मला तो आवडतो तो त्यामुळेच. १४व्या शतकाच्या अखेरीस ऑल्बनीचा ड्यूक रॉबर्ट स्ट्युअर्ट याने उभारलेला हा किल्ला आज जवळजवळ रिकामा आहे. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या १९७५च्या ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ या चित्रपटातले बरेचसे किल्ले म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून दाखवलेला हा एकच किल्ला, इतर ठिकाणी चित्रीकरणाची परवानगी ऐनवेळी नाकारली गेली होती. घोडे आणायला पैसे नव्हते म्हणून टापांचा आवाज नारळाच्या करवंट्यांनी काढला होता. चाहते अजूनही इथे येऊन करवंट्या वाजवतात. पुढे ‘आउटलँडर’ या टीव्ही मालिकेत हाच कॅसल लिओक नावाचा किल्ला झाला.

स्वयंपाकघर चुकवू नका. चुलीची कमान इतकी रुंद की आत माणसं उभी राहतील, आणि समोरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून ताटं थेट मोठ्या दालनाकडे जायची. मोठी पंगत वाढताना काय धांदल उडत असेल ते तिथे उभं राहिलं की कळतं. ऑडिओ गाइड जरूर घ्या, पायथन मंडळींपैकी टेरी जोन्सचा आवाज आहे. चक्री जिने मात्र अरुंद आणि झिजलेले आहेत. बाबागाडी किंवा गुडघेदुखी असेल तर त्रास होईल.

ऍनिकला जायला एडिंबराहून रेल्वेने ऍलनमथ आणि पुढे बस. डूनला स्टर्लिंगपर्यंत रेल्वे, मग बस. एडिंबरा आणि स्टर्लिंगचे किल्ले बघण्यासाठी हिस्टॉरिक स्कॉटलंड या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचा एक्सप्लोरर पास घेणार असाल तर डून त्यातच येतो, आणि लवकर निघालात तर स्टर्लिंगचा किल्लाही त्याच दिवशी होतो. ऍनिक खासगी आहे, तिथे हा पास चालत नाही.

बेत नाताळच्या सुट्टीचा असेल तर डूनच धरा, पण निघण्याआधी संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघा. ऍनिक साधारण मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंतच उघडा असतो.