आमवातासाठी गरम पाण्यातला व्यायाम: क्लास कसा वाटला

आईला रुमेटॉइड आहे, म्हणजे आमवात म्हणतात तो, तिला कोथरूडमधे गरम पाण्याच्या टँकमधल्या व्यायामाचा क्लास लावला आणि खरंच सांगते पैसे वसूल. पाणी ३३-३४ डिग्री ठेवतात, नेहमीच्या स्विमिंग पूलसारखं गार नाही, त्यामुळे आत उतरल्यावर अंग आखडत नाही, आणि छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की गुडघ्या-घोट्यांवर वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो, म्हणून घरात भिंत धरून चालणारी आई तिथे आरामात फेऱ्या मारते. पोहता यायची गरज नाही.

सगळ्यात आवडलं ते फिजिओ मॅडमचं लक्ष. आईची बोटं वाकलीयेत, रॉड घट्ट धरवत नाही, तर त्यांनी फोमची जाड नळी दिली, म्हणाल्या "काकू, मूठ आवळू नका, नुसता तळवा टेकवा". व्यायामानंतर दोन तासांनी आधीपेक्षा जास्त दुखलं तर पुढच्या वेळी कमी करायचं असं त्यांनी सांगून ठेवलंय. सांधे सुजून गरम झाले असतील तर ताकदीचे व्यायाम बंद, फक्त हलकी हालचाल. आणि मेथोट्रेक्सेट वगैरे आमवाताची औषधं चालूच ठेवायची बरं का, बरं वाटतंय म्हणून मनाने गोळ्या बंद करू नका.

तक्रार एकच, चेंजिंग रूमची फरशी कायम ओली आणि धरायला दांडा नाही, अशा पेशंटसाठी हे चालणारच नाही, सोबत कोणीतरी जाच. बॅच ११ ची घ्या, सकाळी उठल्या उठल्या सांधे फार आखडलेले असतात.